आसिसीकर संत फ्रान्सिस आणि नाताळचा गोठा

यंदाच्या महोत्सवी वर्षीं नाताळचा गोठा कसा सजवावा याविषयीं आपल्या मंडळींत बरीच चर्चा झाली. कोणी विजेच्या रोषणाईचा आग्रह धरिला, कोणी मोठ्या मूर्ति मागविण्याचा. खर्चाचा आंकडा मात्र कोणींच उच्चारला नाहीं. निर्णय मंडळींनींच करावयाचा आहे. परंतु ज्या साधुपुरुषामुळें ही गोठ्याची चाल ख्रिस्ती जगांत घरोघर गेली, त्यांचें चरित्र तत्पूर्वीं आपणांस सांगावें असें आम्हांस वाटलें.

इटली देशांतील आसिसी नगरीं ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिस जन्मले. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. आईचें नांव पिका. तरुणपणीं फ्रान्सिस मित्रांच्या मेजवान्यांत वडिलांचा पैसा पाण्यासारखा ओतीत. एके दिवशीं दुकानांत गिऱ्हाइकांची गर्दी असतां देवाच्या नांवानें मागणारा एक भिकारी दारीं आला. कामाच्या घाईंत त्यांनीं त्यास परत धाडलें. पण तो जातांच मन खाऊं लागलें. एखाद्या सरदाराच्या नांवानें कोणी मागावयास आला असता तर आपण नकार दिला असता काय, हा प्रश्न त्यांस सोडीना. ते धांवत त्याच्यामागें गेले व त्यास पैसे दिले.

१२०२ सालीं पेरूजा नगराशीं झालेल्या लढाईंत ते पकडले गेले व सुमारें एक वर्ष बंदींत राहिले. पुढें मोठें दुखणें आलें, आणि त्यांतून उठलेला तरुण पूर्वींचा राहिला नव्हता. ज्या महारोग्यांची त्यांस किळस येई त्यांपैकीं एकास त्यांनीं जवळ घेऊन चुंबिलें. पडक्या सान दामियानो मंदिराच्या दुरुस्तीसाठीं त्यांनीं दुकानांतील कापड व घोडा फोलिन्यो येथें नेऊन विकला. वडील संतापले व प्रकरण बिशप ग्वीदो यांच्यापुढें गेलें. येथें आम्हांस एक गोष्ट नमूद करणें अवश्य वाटतें. कापड दुकानाचें होतें, आणि पैसे परत करावे असेंच बिशपांनींही सांगितलें. दान स्वतःच्या गांठचें असावें लागतें. फ्रान्सिस यांनीं पैसे तर दिलेच, वर अंगावरचीं वस्त्रेंही उतरवून वडिलांपुढें ठेविलीं. बिशपांनीं आपल्या झग्यानें त्यांस झांकलें.

त्यानंतर भोंवतीं बंधु जमले, आणि १२०९ सालीं पोप तिसरे इनोसंट यांनीं त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमति दिली. नाण्यास हात लावावयाचा नाहीं, हा त्यांचा नियम. एकदां दोन बंधूंची वृद्ध आई मठाच्या दारीं मदत मागावयास आली. घरांत देण्याजोगें कांहींच नव्हतें. होती ती नव्या कराराची एकच प्रत, जींतून बंधु प्रार्थनेचे पाठ वाचीत. ती विकून तिनें आपली गरज भागवावी, असें फ्रान्सिस यांनीं ठरविलें. त्या पुस्तकाच्या वाचनापेक्षां त्यांतील आज्ञेप्रमाणें वागणें देवास अधिक आवडेल, अशी त्यांची खात्री होती.

आतां १२२३ सालाकडे येऊं. तें वर्ष त्यांस सुखाचें नव्हतें. पूर्वेकडील प्रवासाहून ते डोळ्यांचा विकार घेऊन परतले होते, संघाचा कारभार त्यांनीं सोडला होता, आणि दारिद्र्याच्या व्रताविषयीं बंधूंमध्यें मतभेद माजले होते. नोव्हेंबरच्या २९ तारखेस पोप तिसरे होनोरियुस यांनीं संघाची नियमावलि मंजूर केली. नाताळास सुमारें पंधरवडा असतां फ्रान्सिस यांनीं ग्रेच्चो गांवच्या जॉन नांवाच्या आपल्या स्नेह्यास निरोप धाडिला. बेथलेहेमांत बाळाची कशी आबाळ झाली, तें कसें गवतावर निजलें, हें डोळ्यांनीं पाहावें अशी त्यांची इच्छा होती. जमविलें काय? गव्हाणी, गवत, एक बैल आणि एक गाढव. हें सारें शेतकऱ्याच्या दारींचेंच. विकत आणावयाचें त्यांत कांहीं नव्हतें. रात्रीं गांवकरी मशाली व मेणबत्त्या घेऊन रानांतून आले. गव्हाणीवर पवित्र मिस्सा झाली. फ्रान्सिस उपयाजक होते. त्यांनीं शुभवर्तमान गाइलें व प्रवचन केलें. बेथलेहेम हें नांव उच्चारतां त्यांचा स्वर कोंकराच्या बेंबें करण्यासारखा होई, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. एका भाविकास गव्हाणींत निजलेलें बाळ दिसलें व फ्रान्सिस त्यास जागें करीत आहेत असें भासलें. मागाहून तें गवत लोकांनीं आजारी गुरांसाठीं नेलें.

मात्र फ्रान्सिस नाताळास कंजूष होते असें कोणीं समजूं नये. एकदां नाताळ शुक्रवारीं येत होता व मांस वर्ज्य असल्याची आठवण एका बंधूनें दिली. तेव्हां त्या दिवशीं भिंतींनींही मांस खावें, आणि खातां येत नसेल तर त्यांस तें निदान बाहेरून चोपडावें, असें ते म्हणाले. त्या दिवशीं रस्त्यांवर पांखरांसाठीं धान्य टाकावें, बैलास व गाढवास जास्त वैरण घालावी आणि श्रीमंतांनीं गरिबांस पोटभर जेवूं घालावें, असा हुकूम बादशहाकडून मिळवावा ही त्यांची फार इच्छा होती. पण ग्रेच्चो येथेंच बंधूंनीं सणासाठीं पांढऱ्या चादरीचें व कांचेच्या पेल्यांचें मेज मांडलें, तेव्हां ते भिकाऱ्याच्या वेषांत दारीं उभे राहिले व ताट घेऊन जमिनीवर बसले. हा सण ईस्टर होता असें एक जुनें चरित्र सांगतें, नाताळ होता असें दुसरें. आम्हांस दुसरें अधिक पटतें.

त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षें होण्यापूर्वींच, १३२१ सालीं, त्यांच्या संघाच्या बंधूंनीं आपल्या ठाण्यास रक्त सांडलें. म्हणून हे साधु आपणांस परके नाहींत.

१२२६ च्या ऑक्टोबरांत, ३ तारखेच्या सायंकाळीं, पोर्त्सिउंकुला येथें ते उघड्या जमिनीवर पडून वारले. अंगावरचा झगाही उसना म्हणूनच त्यांनीं स्वीकारला होता. शेवटच्या दिवसांत मात्र त्यांस बदामाची मिठाई खावीशी वाटली. रोमच्या जाकोबा नांवाच्या बाई ती पूर्वीं त्यांस करून देत. त्यांना पत्र धाडण्यापूर्वींच त्या मिठाई घेऊन दारीं आल्या. फ्रान्सिस यांनीं ती जराशी चाखली. बंधु बेर्नार्द यांस ती आवडेल, असें म्हणून त्यांनीं त्यांस बोलावणें पाठविलें.