हिवतापाचे कोडे उलगडणारे सर रोनाल्ड रॉस

श्रावण-भाद्रपदाचे दिवस आले, की उटनूरच्या बाजूच्या रानातील वाड्या-पाड्यांवर हिवतापाचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागते. पूर्वीच्या मानाने हा रोग आज पुष्कळच हटला आहे. तरी थंडी भरून दात वाजू लागले, म्हणजे वडीलधारी माणसे अद्याप आधी त्याचाच संशय घेतात. आमचे मूळ घर गोमंतकात. तेथील जुने गोवे हे शहर एके काळी ऐश्वर्याने गाजत होते. ताप व पटकी यांच्या साथींनी ते ओस पडले आणि राजधानी पणजीस गेली, ही कथा आम्ही लहानपणी घरी कोकणीतून ऐकलेली. हा ताप येतो कोठून, हे मात्र हजारो वर्षे कोणासही ठाऊक नव्हते. दलदलीच्या दूषित हवेने तो येतो, असा समज होता. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. हे कोडे जेथे सुटू लागले, ते ठिकाण आपल्यापासून फार दूर नाही. आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटरवर, सिकंदराबादेच्या बेगमपेठ भागात ते आहे. म्हणून ते कोडे सोडविणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचे चरित्र यंदा विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा येथे झाला. मीरतेस उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानातील इंग्रजी सैन्यात अधिकारी होते. आठव्या वर्षी रोनाल्ड यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. त्यांचा ओढा चित्रकला व काव्य यांकडे; परंतु वडिलांच्या इच्छेने त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८८१ मध्ये ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. आरंभीची काही वर्षे त्यांचे मन नोकरीपेक्षा कविता, कादंबऱ्या आणि गणित यांतच अधिक रमे. पुढे महान संशोधक होणारा मनुष्य तरुणपणीच आपली वाट ओळखतो असे नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असता त्यांची गाठ पॅट्रिक मॅन्सन या नामांकित वैद्याशी पडली. हिवतापाचे जंतू माणसाच्या रक्तात असतात, हे लाव्हरां या फ्रेंच वैद्याने १८८० मध्येच शोधून काढले होते. ते जंतू मॅन्सन यांनी रॉस यांना सूक्ष्मदर्शक यंत्रातून दाखविले आणि त्यांचा प्रसार डास करीत असावेत, अशी आपली कल्पना सांगितली. परंतु डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असा त्यांचा तर्क होता. गुरूच्या तर्कात निम्मे सत्य आणि निम्मी चूक होती. दोहोंची निवड करण्याचे काम शिष्याच्या वाट्यास आले.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादेस आले. ही निजामाच्या राज्यातील इंग्रजांची छावणी होय. आपला हा मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता. त्यांची पद्धत सांगण्यास सोपी, करण्यास मात्र अत्यंत कष्टाची होती. पाण्यातील अळ्या आणून त्यांचे डास वाढवायचे. ते मच्छरदाणीत निजलेल्या हिवतापाच्या रोग्यास चावू द्यायचे. मग काही दिवस ते जिवंत ठेवून एकेकाचे पोट सुईने उकलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कण न् कण तपासायचा. हे त्यांनी असंख्य वेळा केले. हाती काही लागले नाही. मध्येच पटकीच्या साथीमुळे त्यांना बंगलोरास जावे लागले. पुढे १८९७ मध्ये उटकमंडच्या बाजूस हिंडत असता त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले.

चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती, हातांचीही नव्हती. ते तपासत होते ते बहुतेक करडे आणि पट्टेरी डास होते. माणसाच्या हिवतापाचा जंतू त्या जातींच्या पोटात वाढतच नाही. डास तो डास, असे धरून चालल्यामुळे दोन वर्षांची मेहनत वाया गेल्यासारखी झाली होती.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या एका मदतनिसाने काही निराळ्या अळ्या आणल्या. त्यांतून तपकिरी रंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. १६ ऑगस्ट रोजी हुसेन खान नावाच्या रोग्यास हे डास चावविण्यात आले आणि दर डासामागे त्याला एक आणा देण्यात आला. २० ऑगस्टला रॉस उरलेल्यांपैकी एक डास उकलीत होते. उकाडा असह्य होता. परंतु डास उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवलेला. कपाळाच्या व हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि त्याच्या काचेस तडा गेला होता. अशा स्थितीत जठराच्या भित्तीत त्यांना काही गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत काळसर कण. तसेच कण माणसाच्या रक्तातील हिवतापाच्या जंतूंत असतात; तीच त्या जंतूची ओळख. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास उकलला, तो त्या पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. जंतू डासाच्या अंगात जिवंत होता व वाढत होता.

आता यश हाताशी आले, तोच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवताप फारसा नव्हता. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्यास संशोधनाची सवलत मिळाल्यावर त्यांनी चिमण्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. नवल असे, की पक्ष्यांच्या हिवतापास ठिपकेदार नव्हे, तर करडे डासच कारण होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जंतू डासाच्या लाळग्रंथींत पोहोचतात, हे त्यांना दिसले. निरोगी चिमण्यांना असे डास चावताच त्यांना रोग जडला. ताप पाण्यातून नव्हे, दंशातून येतो, हे सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत अॅनॉफेलिस डासांतील हे संपूर्ण चक्र इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास दाखविले. श्रेय कोणाचे, यावरून रॉस व ग्रासी यांच्यात जो कडवा वाद झाला, तो रॉस यांच्या मोठेपणास शोभणारा नव्हता, हे आम्हांस येथे सांगितलेच पाहिजे.

१८९९ मध्ये रॉस यांनी हिंदुस्थान सोडला. १९०२ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९११ मध्ये सर ही पदवी मिळाली. रोग हटविण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची जरुरी नसून त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते, हे त्यांनी गणिताने मांडले. तरुणपणीचा गणिताचा नाद असा उपयोगी पडला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले. परंतु या चरित्रात आणखी काही नावे आहेत. आण्या-आण्यासाठी दंश सोसणारा हुसेन खान, कलकत्त्यास रॉस यांना साथ देणारा महंमद बक्ष, आणि त्या निराळ्या अळ्या आणणारा तो मदतनीस. पारितोषिकात त्यांचा वाटा नव्हता. इतिहासात तरी तो असावा.

जात ओळखल्यावाचून रोग ओळखता येत नाही, हा बेगमपेठेचा धडा आजही जुना झालेला नाही. अॅनॉफेलिसच्या चारशेहून अधिक जाती आज ठाऊक आहेत आणि त्यांपैकी थोड्याच रोग पसरवितात. आपल्या खेड्यांतील क्युलिसिफेसिस या एका जातीतही पाच पोटजाती आहेत. त्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. गुणसूत्रे किंवा जनुके तपासल्यावरच भेद कळतो. काविळीच्या विषाणूंची गोष्ट अशीच आहे. हेपटायटिस सी हा विषाणू १९८९ मध्ये उजेडात आला. त्याचेही अनेक जनुकीय प्रकार आहेत. रोग्याच्या रक्तातील विषाणूच्या जनुकद्रव्याच्या लक्षावधी प्रती यंत्राने तयार करतात, त्यातील अक्षरांचा क्रम वाचतात आणि ज्ञात प्रकारांशी ताडून पाहतात. हिंदुस्थानात तिसरा प्रकार विशेष आढळतो. औषधे जुनी होती तेव्हा पहिल्या प्रकारास सामान्यतः ४८ आठवडे आणि तिसऱ्यास २४ आठवडे उपचार करावे लागत. प्रकार न ओळखता दिलेले औषध म्हणजे दोन वर्षे करडे डास उकलण्यासारखेच ठरले असते.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर चुकले की आपण पुन्हा तीच आकडेमोड करू लागतो. कित्येकदा आकडेमोड बरोबरच असते. उदाहरण उतरवून घेतानाच चूक झालेली असते. रॉस यांच्यापुढे निराळ्या अळ्या आल्या, तेव्हा त्या नेहमीसारख्याच आहेत असे म्हणून त्यांनी टाकून दिल्या नाहीत, एवढ्यावरून पुढचे सारे घडले. येत्या पावसाळ्यात घरामागच्या डबक्यात किंवा फुटक्या मडक्यात अळ्या दिसल्या, तर ते पाणी अवश्य ओतून द्या. मात्र ओतण्यापूर्वी क्षणभर वाकून पाहा. अॅनॉफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडून राहते आणि करड्या डासाची अळी डोके खाली करून तिरपी लोंबकळते. तुमच्या अंगणात कोण राहते, हे तुम्हांला ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा.