फ्रिट्झ पोलार्ड

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आमच्या शाळेच्या मैदानावरील फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असून तो हातांत धरून पळतां येतो. एका बाजूच्या अकरा गड्यांनीं तो पुढें न्यावयाचा आणि दुसऱ्या बाजूच्या अकरांनीं चेंडू नेणाऱ्यास धरून खालीं पाडावयाचें, हें त्याचें मुख्य स्वरूप होय. कोणी कोठें उभें राहावें, कोणी कोणास अडवावें, चेंडू कोणाच्या हातीं जावा, हें सर्व प्रत्येक चढाईपूर्वीं ठरलेलें असतें. म्हणून आपल्याकडे तालमींत वस्तादाच्या शब्दास जो मान, तोच ह्या खेळांत प्रशिक्षकाच्या शब्दास असतो. धंदेवाईक खेळाडू म्हणून नांव मिळवून पुढें असा वस्ताद झालेल्या एका पुरुषाची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

फ्रेडरिक डग्लस पोलार्ड ह्याचा जन्म इ. स. १८९४ च्या जानेवारी महिन्यांत शिकागो येथें झाला. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विख्यात कृष्णवर्णीय पुढारी फ्रेडरिक डग्लस यांचें नांव आईबापांनीं त्यास ठेविलें. परंतु हें कुटुंब ज्या रॉजर्स पार्क भागांत राहत असे तेथील जर्मन वंशाचे शेजारी त्यास फ्रिट्झ म्हणूं लागले व तेंच नांव जन्मभर टिकलें. बाप न्हाव्याचा धंदा करी, आई शिवणकाम करी. आठ भावंडांत हा सातवा. अंगानें तो लहानखोरच होता. पुरी वाढ झाल्यावरही त्याचें वजन सुमारें १६५ पौंड भरे. ह्या खेळांत तेवढें वजन म्हणजे कांहींच नव्हे. त्याची सारी मदार पायांच्या चपळाईवर होती.

इ. स. १९१५ मध्यें तो ब्राउन विद्यापीठांत दाखल झाला. १९१६ च्या पहिल्याच दिवशीं कॅलिफोर्नियांत होणाऱ्या ‘रोझ बोल’ ह्या प्रसिद्ध सामन्यांत तो खेळला. त्या सामन्यांत उतरलेला हा पहिलाच कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच सालच्या पुढील हंगामांत ब्राउनच्या संघानें येल व हार्वर्ड ह्या दोन्ही बलाढ्य विद्यापीठांस एकाच वर्षीं हरविलें. ब्राउनच्या बाबतींत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें, आणि दोन्ही विजयांत पोलार्डचा वाटा मोठा होता. मात्र ह्या धामधुमींत अभ्यासाकडे दुर्लक्ष झालें, गुण घसरले, आणि त्यास पदवीवांचून विद्यापीठ सोडावें लागलें. चरित्रनायकाची ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

शिकविण्यास त्यानें आरंभ केला तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या, पेन्सिल्व्हेनियांतील लिंकन विद्यापीठांत. तेथें तो १९१८ ते १९२० पर्यंत प्रशिक्षक होता. मधल्या काळांत, १९१९ सालीं, ओहायो प्रांतांतील ॲक्रन शहराच्या धंदेवाईक संघानें त्यास बोलाविलें. शिकविणें एके ठिकाणीं व खेळणें दुसरीकडे, अशी दुहेरी ओढाताण त्यास सोसावी लागली.

ॲक्रन हें मोटारीच्या रबरी टायरांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेलें शहर. कामाच्या शोधार्थ दक्षिणेकडून आलेले पुष्कळ गोरे मजूर तेथें होते आणि वर्णद्वेष त्यांनीं बरोबरच आणिला होता. इतर गड्यांसमवेत कपडे बदलण्याची पोलार्डला मुभा नव्हती. संघाचा एक मालक फ्रँक नीड याच्या चिरुटांच्या दुकानांत तो पोषाख चढवी आणि तेथून मोटारींतून मैदानावर जाई. प्रेक्षक शिव्या देत. प्रतिपक्षाचे गडी तो खालीं पडल्यावरही त्याच्यावर उड्या टाकीत. म्हणून पडतांच उताणें होऊन खिळ्यांच्या बुटांचे पाय वर धरण्याची युक्ति त्यानें अंगीं बाणविली होती. मारामारी करावयाची नाहीं आणि मैदानही सोडावयाचें नाहीं, हें त्यानें मनाशीं ठरविलें होतें.

१९२० मध्यें धंदेवाईक संघांची संघटना स्थापन झाली. हिलाच दोन वर्षांनीं नॅशनल फुटबॉल लीग हें नांव मिळालें. त्या पहिल्याच वर्षीं ॲक्रनचा संघ ८ सामने जिंकून व ३ बरोबरींत सोडवून, एकही न हरतां, अजिंक्य ठरला. पोलार्डनें वृद्धपणीं सांगितलें कीं, ब्राउन विद्यापीठांत शिकलेल्या चढाया त्यानेंच ह्या संघांत आणिल्या आणि शिकविण्याचें काम प्रत्यक्षांत त्याच्याकडेच आलें. १९२१ सालच्या नोंदींत तर एल्गी टोबिन याच्या जोडीनें पोलार्डचें नांव प्रशिक्षक म्हणून आहेच. लीगच्या इतिहासांतील हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

आमच्या मतें विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या गोऱ्या गड्यांच्या खोलींत त्यास पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती, त्यांनाच तो मैदानावर कोणी कोठें उभें राहावें हें सांगत असे, आणि ते ऐकत. कांहीं प्रेमापोटीं ऐकत असतील, पुष्कळ जण जिंकावयाचें म्हणून ऐकत असतील. त्या वर्षीं संघानें ८ सामने जिंकले, ३ गमावले व १ बरोबरींत सोडविला. पुढें गायक व नट म्हणून जगभर गाजलेला पॉल रोबसन तेव्हां कायद्याचा विद्यार्थी होता. तोही ह्याच संघांतून खेळत असे.

पुढें इंडियाना प्रांतांतील हॅमंड येथील संघासही पोलार्डनें शिकविलें. १९२६ मध्यें ॲक्रननें त्यास रजा दिली आणि लीगमधील त्याची कारकीर्द संपली. १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या लीगमध्यें एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाहीं. तसा लेखी नियम कोणी दाखविला नाहीं, पण दार मात्र बंद झालें. पोलार्डनें ह्याचा दोष शिकागो संघाचा मालक जॉर्ज हॅलस याजवर ठेविला. हॅलसनें तो नाकारला.

पोलार्ड स्वस्थ बसला नाहीं. १९२८ मध्यें त्यानें शिकागो येथें कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र संघ उभारला व गोऱ्यांच्या संघांशीं सामने ठरविले. असे सामने दंगा न होतां खेळतां येतात हें त्यास लोकांस दाखवावयाचें होतें. १९३५ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील ‘ब्राउन बॉम्बर्स’ ह्या संघास तो कांहीं वर्षें शिकवीत होता. त्याखेरीज त्यानें वर्तमानपत्र चालविलें, नटगायकांस कामें मिळवून दिलीं, कर-सल्लागाराचा धंदा केला. त्याचा मुलगा १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकमध्यें ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत तिसरा आला. ज्या विद्यापीठांतून पदवीवांचून निघावें लागलें त्या ब्राउननें १९८१ मध्यें ह्या वृद्धास सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

११ मे १९८६ रोजीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं, पोलार्ड निवर्तला. ॲक्रनच्या त्या हंगामास तेव्हां ६५ वर्षें लोटलीं होतीं. तरी त्याच्यानंतर दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीयास लीगच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होतां आलें नव्हतें. आर्ट शेल याची तशी नेमणूक झाली ती १९८९ सालीं. कँटन येथील धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत पोलार्डचा अर्धपुतळा बसला तो २००५ मध्यें. कँटनहून ॲक्रन मोटारीनें अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे.