रे. ना. वा. टिळक आणि देशी धर्मोपदेशकांची घडण

अमेरिकन मराठी मिशनला देशी धर्मोपदेशक हवे होते. त्यांनी कोणत्या मराठीत बोलावे, हा प्रश्न मात्र नारायण वामन टिळकांनीच खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला. करजगाव (जि. रत्नागिरी) येथे १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या सेमिनरीत, जेथे रे. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे अमेरिकन अध्यापक होते, त्यांनी भावी उपदेशकांना शिकविले.

उपासनेतील गीते तेव्हा बरीचशी भाषांतरित व परक्या चालींची होती. टिळकांनी तेथे अभंग आणि भजन रुजविले. (ख्रिस्ती कीर्तनाचा पाया नगरचेच कृष्णराव सांगळे यांनी आधी घातला होता, हे विसरता कामा नये.) तुकोबांच्या वाणीवर पोसलेल्या टिळकांच्या दृष्टीने उपदेशकाची भाषा हा अलंकार नव्हे, पात्रतेचाच भाग होता. येथे धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबांची आख्यायिका आठवते: संतमेळ्यात कच्चे मडके ठरले ते नामदेव, मग त्यांना गुरू शोधावा लागला. उपदेशकाचा कस ज्ञानाने नव्हे, अनुभवाने लागतो, ही जाण टिळकांना या परंपरेतूनच लाभली असावी.

सेमिनरीच्या चौकटीत ती सामावली नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. हा प्रयोग बहराला येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दरबाराला मात्र तसा वारस लाभला नाही.