जमिनीखालचे वैभव : सर हेन्री डोल्टन

राणी व्हिक्टोरियाने १८८७ साली हेन्री डोल्टन यांना ‘सर’ ही पदवी दिली, तेव्हा इंग्लंडमध्ये कुंभारकामाच्या धंद्यातील माणसाला असा मान प्रथमच मिळत होता. कौतुक झाले ते त्यांच्या नक्षीदार फुलदाण्यांचे. घराण्याला श्रीमंती आणि शहरांना आरोग्य ज्या वस्तूने दिले, ती मात्र जमिनीखाली गाडलेली होती. चारचौघांत तिचा उल्लेख करणेही अवघडच.

२५ जुलै १८२० रोजी लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात हेन्री यांचा जन्म झाला. वडील जॉन यांनी १८१५ साली साठवलेले १०० पौंड घालून लॅम्बेथच्या एका लहानशा भट्टीत भागीदारी पत्करली होती. बिअरच्या बाटल्या, सुरया, बरण्या असा तेथला माल. वाचनाची आवड असलेल्या या मुलाने वकील व्हावे, असे घरच्यांना वाटे. तो मात्र पंधराव्या वर्षी चाकावर बसला.

त्या काळी लंडनची गटारे विटांची, रुंद आणि बहुधा सपाट तळाची असत. पाणी संथ वाहे, गाळ साचे, सांधे झिजून मैला जमिनीत आणि तेथून विहिरींत उतरे. एडविन चॅडविक यांनी १८४२च्या अहवालात या दुरवस्थेवर बोट ठेवले. अरुंद, गोल, गुळगुळीत नळातून पाणी वेगाने जाते आणि घाण आपल्याबरोबर वाहून नेते, असे सुधारकांचे म्हणणे होते. असे नळ तुंबतील, असे अनेक अभियंत्यांचे. हेन्री यांनी पहिल्या बाजूवर भांडवल लावले. १८४६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी वडिलांच्या भागीदारीपासून वेगळा, स्वतःच्या नावाचा नळांचा कारखाना काढला.

घरातील लोणच्याची जुनी बरणी आठवली, की या नळांचे मर्म कळते. भट्टी पुरेशी तापल्यावर आत मीठ टाकत. त्याची वाफ मातीतील वाळूशी संयोग पावून काचेसारखी झिलई धरी. ती आम्लाने झिजत नसे, पाणीही झिरपू देत नसे.

१८४८-४९च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसे दगावली. रोग दुर्गंधीतून पसरतो, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. कारण चुकले होते, उपाय मात्र बरोबर होता. १८४८च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगावी नळ घालण्याची कामे निघाली आणि मागणी वाढत गेली. १८५४ साली बापलेकांचे धंदे एक होऊन ‘डोल्टन अँड कंपनी’ उभी राहिली. सिंक, वॉशबेसिन, शौचकूप हे पुढचे टप्पे ओघाने आले.

नळांचा पैसा हाती आल्यावरच हेन्री कलेकडे वळले, हे विसरता कामा नये. शेजारच्या लॅम्बेथ कलाशाळेतील विद्यार्थ्यांना त्यांनी कारखान्यात जागा दिली. चाके बनवणाऱ्या सुताराचा मुलगा जॉर्ज टिनवर्थ तेथे शिल्पकार म्हणून नावारूपाला आला. हॅना बार्लो ओल्या मातीवर घोडे, हरणे कोरू लागली. पुढे शेकडो स्त्रियांना तेथे काम मिळाले. कलावंताने आपल्या कामावर स्वतःची खूण कोरावी, ही तेथली रीत. कारखान्यात राबणाऱ्या बाईला एवढी ओळख तेव्हा क्वचितच मिळे.

१८७७ साली त्यांनी बर्स्लेम येथील कारखान्यात भागीदारी घेतली. १८८८च्या ग्लासगो प्रदर्शनासाठी त्यांच्या कंपनीने भाजलेल्या मातीचे भव्य कारंजे उभारले. त्यावर साम्राज्यातील देशांच्या मूर्तींमध्ये भारताचीही मूर्ती आहे. शिखरावरील राणीचा पुतळा १८९१ साली वीज पडून फुटला, तेव्हा डोल्टन यांनी स्वखर्चाने दुसरा करून दिला.

नोव्हेंबर १८९७ मध्ये हेन्री यांचे निधन झाले. ‘रॉयल’ हे बिरुद कंपनीला मिळाले ते १९०१ साली, त्यांच्या पश्चात. मीठ टाकलेल्या भट्ट्यांतून आम्लयुक्त धूर निघे. शहर स्वच्छ करणारे नळ घडवताना लॅम्बेथची हवा शंभरहून अधिक वर्षे काळवंडत राहिली. अखेर हवा स्वच्छ राखण्याचे नियम कडक झाले आणि १९५६ साली तेथील भट्ट्या विझल्या.