बार्शीचा मेहबूब, गिरणगावाचा अमर

शिवडी म्हटलं की आता फ्लेमिंगो आठवतात, नाहीतर अटल सेतू. पण इथल्या चाळीत एखादे ऐंशी-पंच्याऐंशीचे आजोबा असतील तर त्यांना एकदा अमर शेख कोण, ते विचारून बघा. माणूस खुर्चीतच सरळ बसतो. गाणं सांगायच्या आधी तो पहाडी आवाज कसा होता तेच सांगत सुटतो!

शाहीर अमर शेख यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ चा जन्म, गाव सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. घरची गरिबी. वारसा म्हणून मिळाली ती आई मुनेरबीच्या तोंडची लोकगीतं. शाळा लवकर सुटली. मग मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. बार्शीच्या राजन मिलमधल्या संपात हा पोरगा पुढे होता, तुरुंगाची हवाही खाऊन आला. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम मिळालं. गळा असा, रूप असं. सिनेमात राहिला असता तर पोटाची चिंता मिटली असती. पण गडी मुंबईला, लाल बावट्याकडे आला.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, दत्ता गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. आता इथे जरा थांबू. आपल्याकडे लोककला म्हणजे गॅदरिंगला फेटा बांधून पाच मिनिटं नाचायची गोष्ट झालीय. त्या काळी गिरणगावात ती रोजच्या जगण्यात होती. कोकणातून आलेल्यांचा शक्ती-तुरा, घाटावरून आलेल्यांचा तमाशा, भजनी मंडळं, सगळं आठ बाय दहाच्या खोल्यांतून आणि गल्ल्यांतून घुमायचं. या तिघांनी नवीन वाद्य आणलं नाही. डफ तोच, तुणतुणं तेच, मागे जी जी धरणारे झीलकरीही तसेच. बदललं ते गाण्यातलं माणूस. जिथे राजे आणि लढाया होत्या तिथे साच्यावर उभा राहणारा कामगार आला, धान्याची टंचाई आली, स्टालिनग्राडसुद्धा आलं. रशियातल्या शहराचा पोवाडा मुंबईच्या चाळीत! आणि ऐकणाऱ्याला तो परका वाटला नाही, कारण चाल ओळखीची होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांशिवाय सभाच नाही अशी स्थिती. शिवाजी पार्कसारखं मैदान नेत्यांची भाषणं सुरू व्हायच्या आत अमर शेखांनी तापवलेलं असायचं. एक मुसलमान शाहीर मराठी भाषेच्या राज्यासाठी घसा फोडून गात होता आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. गोवा मुक्तीसाठीही ते गायले. १ मे १९६० ला राज्य मिळालं.

ते फक्त गाणारे नव्हते, कवी होते. ‘कलश’ १९५८ मध्ये आला, ‘धरतीमाता’ १९६३ मध्ये. ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिलं, ‘प्रपंच’ चित्रपटात काम केलं. तरी पुस्तकातला अमर शेख फार थोड्यांनी वाचला. आवाज एवढा मोठा, की त्याच्या मागे कविता झाकली गेली, असं मला वाटतं. लायब्ररीत ‘कलश’ सापडला तर सोडू नका.

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बेचाळीसच दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न.

मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. शिवडीहून हार्बर पकडायची, कुर्ल्याला उतरायचं. तिथून कालिना फार लांब नाही.