शंभर उड्डाणं आणि एक पेशंट

ऑक्सफर्डला लॉ शिकणाऱ्या एका पोराने मित्रांशी पैज लावली, खिशात फक्त चिल्लर घेऊन पॅरिस गाठून दाखवायचं. बक्षीस काय, तर अर्धा पाइंट बिअर! पोरगा गेला आणि पैज जिंकलासुद्धा. वडील कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक, पण चिरंजिवांना ओढ वेगवान गाड्यांची आणि पार्ट्यांची. त्याने युनिव्हर्सिटीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये नाव घातलं आणि तिथेच विमान चालवायला शिकला. हा लेनर्ड चेशायर. जन्म १९१७चा. १९३९मध्ये त्याच्या हातात डिग्री पडली आणि त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं.

१९४०च्या जूनमध्ये तो रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर तुकडीत दाखल झाला. बॉम्बरवाल्यांचं काम म्हणजे रात्रीच्या अंधारात जर्मनीपर्यंत जायचं, खालून तोफांचा मारा चालू असताना बॉम्ब टाकायचे आणि जमलं तर परत यायचं. हे ‘जमलं तर’ उगाच लिहिलेलं नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधल्या सुमारे सव्वा लाख जणांपैकी ५५ हजारांहून जास्त लोक युद्धात मारले गेले. लेनर्डचा धाकटा भाऊही बॉम्बर पायलट होता. १९४१मध्ये त्याचं विमान पडलं आणि तो युद्धकैदी झाला.

नोव्हेंबर १९४०मध्ये कलोनवरच्या हल्ल्यात लेनर्डच्या विमानाला भलंमोठं भगदाड पडलं, आत आग लागली. तरीही त्याने ते विमान परत आणलं. तेव्हा तो फक्त २३ वर्षांचा होता आणि डीएसओ हे मोठं पदक त्याला मिळालं. पुढे हेच पदक त्याला आणखी दोनदा मिळालं. पंचविशीत तो ग्रुप कॅप्टन झाला, तेही एअर फोर्समधला सगळ्यात तरुण. म्हणजे सेफ जागा, मोठी पोस्ट. त्याने काय करावं? ती सोडली. एक हुद्दा खाली उतरून १९४३मध्ये त्याने ६१७ स्क्वाड्रनची कमान घेतली. धरणं फोडणारी, ‘डॅमबस्टर्स’ म्हणून गाजलेली तुकडी ती हीच.

इथे त्याच्यासमोर एक वेगळाच प्रॉब्लेम आला. अंधारात टार्गेट दिसावं म्हणून आधी त्यावर जळत्या खुणा टाकायच्या आणि मग बाकीच्या विमानांनी त्या खुणांवर बॉम्ब टाकायचे, अशी पद्धत होती. डिसेंबर १९४३मधल्या एका हल्ल्यात त्याच्या पोरांनी कमाल केली. बॉम्ब खुणांपासून सरासरी ९४ यार्डांच्या आत पडले. पण उंचावरून टाकलेल्या त्या खुणाच टार्गेटपासून ३५० यार्ड लांब होत्या. सगळी मेहनत पाण्यात! चेशायरने ठरवलं, खूण आपणच टाकायची आणि तीही जमिनीला लागून उडत.

फेब्रुवारी १९४४. फ्रान्समधल्या लिमोज शहरात जर्मनांसाठी विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना होता. रात्रपाळीला फ्रेंच कामगार, त्यातही बायका जास्त. आता हा बॉम्ब टाकायला आलेला माणूस काय करतो? छपरावरून अगदी खालून विमान नेतो. एकदा, दोनदा, तीनदा. हेतू एकच, लोकांना कळावं आणि त्यांनी बाहेर पळावं. खालच्या तोफांना नेम धरायची आयती संधी मिळते, हे माहीत असूनही! खूण टाकली ती चौथ्या फेरीला.

तीस उड्डाणांची एक टर्म धरली जायची. याने जुलै १९४४मध्ये शंभर पूर्ण केली. मग वरिष्ठांनी त्याला सक्तीने खाली उतरवलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो कुठल्या एका पराक्रमासाठी नाही, तर चार वर्षं सातत्याने लढल्याबद्दल. वय अवघं २७. नंतर काही महिने तो कलकत्त्याच्या मुख्यालयात होता. ९ ऑगस्ट १९४५ला ब्रिटनचा अधिकृत निरीक्षक म्हणून तो नागासाकीच्या मोहिमेवर गेला. त्याच्या विमानाची बाकीच्यांशी चुकामूक झाल्यामुळे अणुबॉम्बचा तो ढग त्याने लांबूनच पाहिला.

इथे आपल्याला वाटतं, बस, आता हा बदलणार. सिनेमात तसंच दाखवतील. खरं आयुष्य तितकं सरळ नसतं. अणुबॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं, हे त्याचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं. एवढी माणसं मेली ती शांततेसाठी, तर आता शांततेसाठी काहीतरी करायला हवं, हे मात्र त्याच्या डोक्यात बसलं. पण काय करायचं? ते काही सापडेना.

१९४६मध्ये त्याने एअर फोर्स सोडलं. युद्धातून परतलेल्यांनी एकत्र राहावं, काम करावं म्हणून वसाहत काढली. ती साफ फसली. माणसं पांगली, डोक्यावर कर्ज आणि हातात हॅम्पशरमधलं ‘ल कोर्ट’ नावाचं रिकामं, अवाढव्य घर. तिशीतला वॉर हिरो, पण पुढे काय, याचं उत्तर नाही.

१९४८मध्ये एका हॉस्पिटलचा निरोप आला. त्याच वसाहतीत आधी राहिलेला आर्थर डाइक्स कॅन्सरने मरणपंथाला लागलाय, उपचार उरलेले नाहीत, त्याला घ्यायला कोणी नाही. चेशायर त्याला घरी घेऊन आला. नर्सिंगचं शिक्षण नाही, हाताशी पैसा नाही. अंथरूण बदलणं, अंग पुसणं, भरवणं, रात्री जागणं, सगळं स्वतः केलं. ऑगस्टमध्ये आर्थर गेला. तोवर दुसरे पेशंट दाराशी यायला लागले होते. परत पाठवणार कसं? यातूनच अपंग आणि आजारी माणसांसाठी चेशायर होम्स उभी राहिली. मध्ये टीबीने त्याला स्वतःलाच सुमारे दोन वर्षं हॉस्पिटलात पाडलं, तरी काम वाढतच गेलं.

आणि हो, ही गोष्ट आपल्या मुंबईतही येते. भारतातलं पहिलं चेशायर होम १९५६मध्ये सुरू झालं ते अंधेरीत, महाकाली केव्ह्ज रोडवर. नाव ‘बेथलेहेम हाउस’. १९५९च्या एप्रिलमध्ये चेशायरने समाजसेविका स्यू रायडरशी लग्न केलं तेही मुंबईतच. दोघांनी मिळून डेहराडूनला कुष्ठरोगी आणि मतिमंद मुलांसाठी ‘राफेल’ हे केंद्र उभारलं. १९९२च्या जुलैमध्ये मोटर न्यूरॉन डिसीजने तो गेला. स्नायू एकेक करून निकामी करणारा हा आजार. ज्यांच्यासाठी घरं बांधली, शेवटी त्यांच्यातलाच एक होऊन गेला.

प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्यालाही वाटतं, पंचविशीपर्यंत सगळं सेट व्हायला हवं. चेशायरचं पंचविशीत सगळं सेट होतं. तिशीत काहीच नव्हतं. ज्या कामासाठी आज जगभर त्याचं नाव घेतात, ते त्याने प्लॅन केलंच नव्हतं. एक माणूस कोणालाच नको होता, आणि याने त्याला घरात घेतलं, एवढंच.