रिलेच्या जाळ्यातला गणिती : क्लॉड शॅनन

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलते, पण लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घ आईला विचारावं लागतं. तरी हा लेख मराठी विभागालाच द्यायचा असं ठरवलं, कारण ज्यांच्यामुळे विषय डोक्यात शिरला ते वायरमन काका मला मराठीतच समजावत होते.

झालं असं की, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला जात होते. एका पंपाच्या पॅनेलची चौदा शीट्सची ड्रॉईंग्ज होती. मध्येच एक रिले वाढला. जुन्या के-३ ला के-५ करायचं आणि के-३ हा नंबर सप्लायचा दिवा लावणाऱ्या नव्या रिलेला द्यायचा, एवढंच काम माझ्याकडे आलं. शीट चारवर कॉइल होती. तिथे नंबर बदलला, सेव्ह केलं, प्रिंट दिली. पण त्याच रिलेचा एक कॉन्टॅक्ट शीट नऊवर होता, तो के-३ च राहिला. आणि टाकीतलं पाणी संपल्यावर पंप बंद करणारा कॉन्टॅक्ट नेमका तोच! वायरिंग ड्रॉईंगप्रमाणे झालं, म्हणजे चुकीचं झालं. टेस्टिंगला काकांनी लेव्हलची वायर काढून पाहिली. के-५ पडला, पंपाचा कॉन्टॅक्टर काही पडेना. साइटवर हे झालं असतं तर पंप कोरडा चालून जळला असता. काका ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. कॉइल एका कागदावर आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या कागदावर असला तरी वस्तू एकच असते, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सरांनी ऑटोकॅड इलेक्ट्रिकल उघडून दाखवलं. त्यात कॉइल ही ‘पेरेंट’ आणि तिचे कॉन्टॅक्ट ‘चाइल्ड’. पेरेंटचं नाव बदललं की सॉफ्टवेअर प्रोजेक्टमधल्या सगळ्या शीट्सवरची मुलं शोधून त्यांचीही नावं बदलून देतं. एका शीटवरून निघालेली वायर दुसऱ्या शीटवर कुठे पोहोचते, तेही त्याला माहीत असतं. मला प्रश्न पडला, एकच रिले दहा ठिकाणी काढलेला असला तरी तो एकच आहे, हे गणिताच्या भाषेत पहिल्यांदा कोणी मांडलं असेल? शोधता शोधता पोहोचले क्लॉड शॅनन यांच्यापर्यंत. कम्युनिकेशनच्या पेपरला ज्यांचा फॉर्म्युला आपण घोकतो, तेच हे शॅनन!

क्लॉड शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड नावाच्या लहानशा गावात ते वाढले. वडील न्यायाधीश, आई भाषा शिकवायची आणि पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली. छोट्या क्लॉडचं लक्ष मात्र वायर आणि यंत्रांकडे. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलायला त्याने शेताच्या काटेरी तारेच्या कुंपणाचीच टेलिग्राफ लाइन केली होती. (आमच्या सोसायटीत असं केलं असतं तर सेक्रेटरींनी घरी नोटीसच पाठवली असती.)

१९३६ साली मिशिगन विद्यापीठातून त्यांनी दोन पदव्या घेतल्या, एक इलेक्ट्रिकलची आणि एक गणिताची. तिथेच तत्त्वज्ञानाच्या तासाला जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित त्यांच्या कानावरून गेलं होतं. पुढे एमआयटीत व्हॅनेव्हर बुश यांच्या डिफरन्शियल ॲनालायझरवर काम मिळालं. हे यंत्र म्हणजे दांडे, गिअर आणि फिरत्या चकत्यांचं अवाढव्य धूड. पण त्याचं नियंत्रण करणाऱ्या सर्किटमध्ये शंभरच्या वर रिले होते. शॅनन या जाळ्यात रमले. त्यानंतर १९३७ च्या उन्हाळ्यात बेल लॅब्जमध्ये टेलिफोनची रिले सर्किट्स पाहायला मिळाली.

त्या काळी अशी सर्किट्स अनुभवाने आणि अंदाजाने काढत. कागदावर रेघा मारायच्या, जोडून पाहायचं, चुकलं की पुन्हा. सर्किट लहान करता येईल का, याचं उत्तर जुन्या जाणत्या माणसाच्या डोक्यात. शॅनन यांच्या लक्षात आलं की कॉन्टॅक्टला दोनच अवस्था असतात, बंद किंवा उघडा, आणि बूलच्या गणितातही किंमती दोनच. मग प्रत्येक रिलेला त्यांनी एक अक्षर दिलं. त्याचा एनओ कॉन्टॅक्ट ड्रॉईंगमध्ये कुठेही असो, अक्षर तेच. एनसी असेल तर त्याच अक्षराचा निषेध. झालं! पूर्ण ड्रॉईंग समीकरणात उतरलं. समीकरण सोडवून लहान केलं की सर्किटमधले फालतू कॉन्टॅक्ट आपोआप गळतात. एक गंमत म्हणजे त्यांनी बंद सर्किटला ० आणि उघड्याला १ मानलं होतं, त्यामुळे सीरिज म्हणजे बेरीज आणि पॅरलल म्हणजे गुणाकार! आपण शिकतो त्याच्या बरोबर उलटं. मी वाचताना दोनदा पान मागे उलटलं.

हा प्रबंध होता त्यांच्या मास्टर्सचा, आणि वय होतं २१. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठे! त्यात शेवटी बायनरी बेरीज करणारं रिले सर्किटही आहे. १९३८ साली त्यावरचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्याला आल्फ्रेड नोबल पुरस्कार मिळाला. (नोबेल नव्हे, नोबल. मीही आधी फसले.) जपानमध्ये अकिरा नाकाशिमा हे इंजिनिअर त्याच सुमारास अशाच विचारापर्यंत पोहोचले होते, हेही सांगायला हवं. आपल्या पुस्तकात त्यांचं नाव नाही याचं आश्चर्य वाटतं.

पुढची कहाणी बहुतेकांना माहीत आहे. १९४० मध्ये डॉक्टरेट, नंतर बेल लॅब्ज, आणि १९४८ साली माहिती मोजण्याचा तो प्रसिद्ध सिद्धांत. त्याबद्दल आपल्या नोट्समध्ये भरपूर आहे, इथे परत लिहीत नाही. मला त्यापेक्षा त्यांचा उंदीर जास्त आवडला. १९५० च्या सुमारास त्यांनी थिसियस नावाचा यांत्रिक उंदीर बनवला. पंचवीस चौकोनांच्या चक्रव्यूहात तो धडपडत वाट शोधायचा आणि दुसऱ्यांदा सोडला की थेट सरळ जायचा. वाट लक्षात कोण ठेवायचं? उंदीर नाही, टेबलाखालचे सुमारे ७५ रिले! पत्नी बेटी यांनी त्याच्या वायरिंगला मदत केली होती. शॅनन स्वतः एकचाकी सायकल चालवायचे आणि चेंडू झेलण्याच्या खेळावर त्यांनी चक्क गणित मांडलं होतं.

आता माझ्या शीट नऊकडे येते. १९५६ पासून शॅनन एमआयटीत शिकवत होते. तिथे आयव्हन सदरलँड हा विद्यार्थी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होता. १९६३ च्या त्याच्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम होता. टीएक्स-२ या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाइट पेनने चित्र काढायचं. पण ते नुसतं चित्र नव्हतं. एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती ठेवता यायच्या आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. एखादा भाग सरकवला तर त्याला चिकटलेल्या रेघा त्याच्यामागे यायच्या. कारण कोण कोणाला जोडलेलं आहे, याची नोंद मेमरीत असायची. सर्किटच्या आकृत्याही त्यात काढून पाहिल्या होत्या. गुरूने ड्रॉईंगला अक्षरं दिली आणि शिष्याने ड्रॉईंगला आठवण दिली, असं मला वाटतं. मी मात्र साध्या कॅडमध्ये रेघा आणि अक्षरं नुसती चिकटवत होते, म्हणून शीट चारचं शीट नऊला कळलंच नाही.

शॅनन यांचा शेवट वाचून गलबलायला होतं. अल्झायमरने त्यांची स्मृती हळूहळू पुसत नेली. इंटरनेट घराघरात पोहोचत होतं, त्याच्या मुळाशी त्यांचंच गणित, आणि हे समजण्याच्या पलीकडे ते गेले होते. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्डला त्यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हाही ते येऊ शकले नाहीत. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

यंदाच्या प्रोजेक्टची आमची बावीस शीट्स आहेत. क्रॉस-रेफरन्स सॉफ्टवेअर देतं, तरी प्रत्येक प्रिंटवर कॉइलखाली तिच्या कॉन्टॅक्टचे शीट नंबर मी काकांसारखे पेन्सिलने लिहिते आणि एकेक शीट उघडून टिक करते. परवा एक टिक राहिली होती, शीट सतरावर. उघडून पाहिलं, नंबर बरोबर होता.